तलावाची गल्ली

गेल्या २२ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता मी तलावाच्या पाळीवर छत्रीचं टोक जमिनीला टेकवून उभी होते आणि आमचे हे खाली वाकून शिवणाच्या टेपनं त्या छत्रीची सावली मोजत होते. आभाळ स्वच्छ, ऊन कोवळं, आणि साठी उलटलेली दोन माणसं असला उद्योग करताहेत म्हटल्यावर फिरायला आलेले लोक थांबणारच. एकानं विचारलं, "काकाजी, काही पडलं का?" ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "सावली पडली."

छत्री ८५ सेंटिमीटर, सावली १७८. दुपटीहून जरा जास्त.

ही रीत माझ्या बाबांची. बाबा ड्राफ्ट्समन होते. काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, मग पाण्याच्या टाकीची सावली मोजायची आणि त्रैराशिकानं टाकीची उंची काढायची, हा त्यांचा रविवारचा खेळ. महालात आमचं भाड्याचं घर होतं आणि जुम्मा तलाव, म्हणजे आताचा गांधीसागर, पायी दहा मिनिटांवर. तिथल्या दिव्याच्या खांबांची उंची मी सहावीत असताना काढली आहे. आता मी गणित उलटं मांडत होते. पाळीच्या दक्षिणेला उभ्या राहिलेल्या टॉवरची उंची मला ठाऊक होती, पार्किंगचे मजले धरून ६० मीटरच्या आसपास. मला त्याची सावली हवी होती. सकाळी नऊला सव्वाशे मीटर. म्हणजे पाळ पूर्ण झाकून सावली पाण्यात उतरते. बारा-सव्वाबाराला पुन्हा मोजलं तर छत्री आणि सावली जवळपास सारखी. नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्या दिवशी सूर्य भर दुपारीसुद्धा पंचेचाळीस अंशांच्या फारसा वर जात नाही.

आता कोणी म्हणेल, नागपूरसारख्या गावात सावली मिळाली तर बाई रडते कशाला? तीच तर गंमत आहे. ज्या मे महिन्यात सावलीसाठी जीव टाकावा, त्या मे महिन्यात हा टॉवर दुपारी काही देत नाही. २६ मेच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी ६० मीटरच्या इमारतीची सावली तिच्या पायथ्याशीच मुटकुळं करून बसते. आणि डिसेंबरात, जेव्हा पाळीवर गोधडी टाकून बाया सोले सोलत बसायच्या, नातवंडांना तेल चोळायच्या, तेव्हा नेमकी तिथे सावली. ऊन शोधत बाया पाळीच्या पार टोकाला सरकल्या आहेत. तिथे कचऱ्याचा कंटेनर आहे.

तलावाचं नाव लिहीत नाही. अर्ज अजून सुरू आहेत आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा ब्लॉग वाचणारे दोन-तीन जण आहेतच.

तर, मी उंचीच्या विरोधात होते. २०२१ मध्ये त्या जागेच्या आरक्षणात फेरबदल करायची नोटीस पेपरात आली, हरकती-सूचनांसाठी महिन्याभराची मुदत. आमच्या चार मजली अपार्टमेंटमध्ये असा उत्साह मी गणपतीतही पाहिला नव्हता. मी अर्जाचा मसुदा केला. बँकेत तीस वर्षं पत्रव्यवहार केलेला, त्यामुळे भाषा खणखणीत. पक्षी, पर्यावरण, वाऱ्याची दिशा, नागपूरची ओळख, सगळं घातलं. ४१ सह्या झाल्या. सुनावणीला आम्ही अकरा जण गेलो.

अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्यानं अर्ज पूर्ण वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"आणि काकांचा?"

"तिसऱ्या."

असे त्यानं अकराही जणांचे मजले विचारले. पहिल्या मजल्याच्या खालचं कोणी नव्हतं. मग तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त म्हणाला, "म्हणजे बाल्कनीतून दिसणारा तलाव जाईल, असं आहे." पुढे समजावूनही सांगितलं. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत समोरचा रस्ता जितका रुंद, तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, चढत जातो. त्यावर अग्निशमनाची ना-हरकत, विमानतळाची ना-हरकत. नागपूरचं विमानतळ गावातच असल्यासारखं, त्यामुळे कोणत्या भागात किती उंच जाता येईल याचा रंगीत नकाशाच असतो. मला ते ऐकून मजा वाटली. उंचीचा विचार आधी विमानासाठी होतो, मग आगीच्या बंबासाठी, मग रस्त्यावरच्या गाड्यांसाठी. पाळीवर बसलेली बाई त्या यादीत कुठेच नाही.

पण त्या दिवशी रिक्षातून परत येताना टोचत होतं ते वेगळंच.

आम्ही १९९८ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं तलावाकडच्या बाजूचे जास्तीचे पैसे घेतले होते आणि आम्ही ते आनंदानं दिले होते. आमच्या इमारतीच्या मागे बैठी वस्ती आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिथल्याच. त्यांनी एकदा फरशी पुसता पुसता सांगितलं होतं, "तुमची बिल्डिंग नव्हती नं बाई, तवा आमच्या अंगणातून तलाव दिसे. पोरं पाण्यात उतरली का घरूनच आवाज देता येत होता." त्यांनी तक्रार केली नव्हती. नुसतं सांगितलं होतं. मीही "हो का?" म्हणून चहा ठेवायला गेले होते. चार मजले काय आणि वीस काय, मागच्याचं पाणी आम्हीच आधी झाकलं होतं.

आणि मावशींच्या वस्तीतली माणसं तरीही रोज तलावावर जात होती, कारण गल्ली होती.

गल्लीबद्दल नीट लिहायला पाहिजे, कारण आमच्या ४१ सह्यांच्या अर्जात तिचा एका शब्दानं उल्लेख नव्हता. मी लिहिलेला अर्ज, म्हणून जास्त लागतं. आठ फूट रुंद, दोन कंपाउंड भिंतींच्या मध्ये, वस्तीपासून सरळ पाळीपर्यंत उतरत जाणारी. मध्ये एक कडुनिंब, त्याच्या मुळांनी एका बाजूची भिंत पोटावर घेतल्यासारखी फुगवलेली. एका कडेनं पावसाच्या पाण्याची उघडी नाली. सकाळी सहाच्या आधी ढिवर भाऊ सायकलवर जाळं टाकून जायचे, सिंगाड्यांच्या दिवसांत परतताना कॅरिअरवर ओलं पोतं, त्यातून पाण्याची धार गल्लीभर. भादव्यात पोरी भुलाबाईची गाणी म्हणत तिथूनच यायच्या आणि कोजागिरी झाली की भुलाबाई घेऊन तिथूनच पाण्याकडे जायच्या. आमच्या अपार्टमेंटमधलं कोणी त्या गल्लीनं जात नसे, आम्हाला पुढच्या रस्त्यानं गाडी काढून पाळीच्या त्या टोकाला पार्क करायची सवय.

बांधकाम सुरू झालं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी हिरवे पत्रे लागले. 'काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तीन वर्षांनी पत्रे निघाले आणि तिथे फाटक होतं. फाटकाआड पेव्हर ब्लॉक, शोभेचे पाम, गार्डची केबिन. कडुनिंब राहिला होता, त्याच्याभोवती आता ग्रॅनाइटचा पार.

गल्ली माणसांचीच नव्हती, हे कळायला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट यावी लागली. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली. माझी नणंद त्याच भागात राहते. पहाटे तिचा फोन आला तेव्हा तिचं फ्रिज स्वयंपाकघरात तरंगत होतं आणि ती गच्चीवर होती. गावात चार माणसं गेली. त्यानंतर सांडवा, सांडव्यासमोरची बांधकामं, आक्रसलेलं नदीचं पात्र, यावर इतकं बोललं गेलं आणि कोर्टात इतकं मांडलं गेलं की मी त्यात भर घालत नाही. नदीकाठाला निदान कागदावर रेषा असतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आमच्या गल्लीला कुठली रेषा? पण त्याच पहाटे मावशींच्या वस्तीत गुडघाभर पाणी साचलं होतं, तलाव मात्र भरला नव्हता. पाऊस नालीतून उतारानं तलावात जायचा, तो आता हिरव्या पत्र्यांशी आणि त्यामागच्या भरावाशी अडला. पोरांनी पहाटे चार वाजता सब्बल घालून पत्र्याचा खालचा कोपरा वाकवला तेव्हा पाणी निघालं. तो वाकलेला पत्रा पुढे कित्येक महिने तसाच होता.

उंचीचा विषय निघाला की कोणीतरी मरिन ड्राइव्हचं उदाहरण देतंच. एका उंचीच्या इमारतींची ती कमान, २०१८ पासून जागतिक वारशात. खरं आहे. पण मला विचाराल तर तिथला खरा ऐवज इमारतींच्या समोर आहे, तो कट्टा. त्यावर बसायला कोणी फ्लॅट नंबर विचारत नाही.

उलटं उदाहरण माझ्या भाच्यानं दाखवलं. तो शिकागोला असतो. मी टॉवरबद्दल फोनवर कुरकुर करत होते तर त्यानं तलावाकाठचा फोटो पाठवला. तलाव म्हणजे समुद्रच, मिशिगन सरोवर. मागे ढगात गेलेल्या इमारती आणि पाण्याच्या नि त्यांच्या मध्ये हिरवळच हिरवळ. १८३६ मध्ये तिथले कालव्याचे आयुक्त प्लॉट विकायला निघाले तेव्हा नकाशावर काठाच्या पट्टीत त्यांनी लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा, कायम मोकळी राहील, इथे इमारत किंवा दुसरा कुठलाही अडथळा येणार नाही. पुढे मोह सगळ्यांनाच झाला. तेव्हा टपालानं माल विकणारा वॉर्ड नावाचा एक व्यापारी त्या ओळीवर बोट ठेवून कोर्टात गेला, १८९० पासून १९११ पर्यंत भांडत राहिला आणि जिंकला. शहरातल्या बड्या लोकांनी त्याला पुष्कळ शिव्या घातल्या. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की त्याचं स्वतःचं ऑफिस त्या मोकळ्या जागेसमोरच होतं. म्हणजे तोही आमच्यातलाच, चौथ्या मजल्यावरचा. फरक एवढा की त्यानं खिडकीसाठी भांडून मैदान मिळवलं. आम्ही खिडकीसाठी भांडलो आणि गल्ली घालवली.

त्याच सरोवराच्या काठावरून आणखी एक खटला झाला होता, १८९२ चा, रेल्वे कंपनीला दिलेल्या पाण्याखालच्या जमिनीचा. सरकार अशा जागेचं मालक नाही, लोकांच्या वतीनं विश्वस्त आहे, ती अशी देऊन टाकता येत नाही, असं त्यात ठरलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, त्या निकालाचा आधार घेतला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच धागा आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावापर्यंत आला. कारंजी आणि काठावरच्या गॅलरीवरून चाललेल्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की फुटाळा भोसल्यांच्या काळात माणसांनी बांधलेला, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येतली पाणथळ जागा तो नाही. पण विश्वस्ताचं तत्त्व माणसानं बांधलेल्या तलावांनाही लागतं. विरोध करणारे हरले, तरी हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. आमचाही तलाव बांधलेलाच आहे.

(फुटाळ्याबद्दल माझं मत कोणी विचारलं नाही, तरी सांगते. कारंजं सुंदर असेल. पण चौपाटीवर भुट्टा खात कठड्याला टेकून पाणी बघायचं, त्या सुखाला तिकीट नव्हतं, वेळ नव्हती आणि मध्ये पायऱ्यांची पाठ नव्हती.)

फुटाळ्याचा निकाल यायच्या बऱ्याच आधी, शिकागोचं हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पटवारी काकांना सांगितलं. त्यांनी शिकागो शांतपणे ऐकून घेतलं, टॉवरची सावलीही ऐकून घेतली. मग म्हणाले, "सावलीचा कागद नसते बाई. निस्तार पाहिला का?"

निस्तार हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता. गुरांना पाणी पाजणं, कपडे धुणं, रोजचं सगळं भागवणं म्हणजे निस्तार. तो महसुलाचा शब्द आहे हे मला माहीत नव्हतं. आपला भाग जुन्या मध्य प्रांतातला. त्या काळापासून इथल्या गावांच्या दफ्तरात दोन कागद असतात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाची मोकळी जमीन कोणी कशी वापरायची ते पहिल्यात, आणि जाण्यायेण्याच्या वाटा, पाणी, मासेमारी यांचे गावातले रिवाज दुसऱ्यात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही दोन्हींना जागा आहे, कलम १६१ आणि १६५. आमचा भाग शहरात यायच्या आधी गावच होता. "गाव गिळलं शहरानं," काका म्हणाले, "पण दफ्तर थोडंच गिळलं?"

मग मी बँकेतल्या चिकाटीनं नकलेचे अर्ज केले. तीन खिडक्या, दोन उन्हाळे. एका ठिकाणी रजिस्टर सापडत नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी सापडलं तर अक्षर लागत नव्हतं. शेवटी हातात आलेल्या झेरॉक्सच्या एका कोपऱ्यावर वाळवीनं नक्षी काढलेली आहे, पण मधली ओळ शाबूत आहे. वस्तीकडून तलावाच्या पाळीला जाणारी पायवाट, ढिवरांची आणि निस्ताराची. बाबांना दाखवायला हवी होती असं झालं. असली ओळ हातानं लिहिणारी, रुळानं खाली रेघ मारणारी माणसं ती.

ती नक्कल जोडून नवा अर्ज दिला. या वेळी मसुद्यात पक्षी नाहीत, वारा नाही, मजल्यांची संख्यासुद्धा नाही. सह्या २६. आमच्या इमारतीतल्या फक्त पाच, बाकी वस्तीतल्या, त्यांतले सहा अंगठे. आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, "यात आपला काय फायदा?" प्रश्न रास्त होता. टॉवर झाला आहे, बाल्कनीतून आता मला एकवीस स्प्लिट एसींची मागची बाजू दिसते. ती कुठल्याही अर्जानं हलणार नाही.

स्थळपाहणी झाली. टॉवरच्या सोसायटीनं चर्चा केली, वकील आणला, मग निकाल लागेपर्यंत म्हणून मोठ्या फाटकाच्या बाजूचं छोटं फाटक रोज काही तास उघडं ठेवायचं कबूल केलं. नाव लिहिण्याच्या अटीवर.

छत्री मोजून झाली त्या दिवशी परतताना आम्ही गल्लीनं आलो. गार्डनं रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, मोबाईल, आणि चौथा रकाना, 'कोणाकडे जायचे आहे'. मी लिहिलं, तलाव. त्यानं वाचलं आणि काही बोलला नाही. वरच्या ओळींतही तेच होतं, वेगवेगळ्या अक्षरांत. एका ठिकाणी 'तलाब', एका ठिकाणी नुसती फुली.

मागून ढिवर भाऊ आले. सायकल, कॅरिअरवर सिंगाड्यांचं पोतं, त्यातून पेव्हर ब्लॉकवर धार. छोट्या फाटकाला मध्ये एक आडवा पाइप आहे, मोटारसायकली शिरू नयेत म्हणून. त्यातून माणूस वळून जातो, सायकल जात नाही. भाऊंनी नेहमीच्या सवयीनं पोतं उतरवलं आणि सायकलचं पुढचं चाक पाइपवर चढवलं. ह्यांनी मागचं कॅरिअर धरलं. मी छत्री काखेत मारून पोत्याचं एक टोक उचललं, ते बर्फासारखं गार होतं आणि जड. दुसरं टोक उचलायला केबिनमधून गार्ड बाहेर आला.